आधी ओळ सांग

चि. नवलेखकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "बाई, गटातून बाहेर पडू का?" एवढाच प्रश्न, आणि त्याखाली तुमच्या हौशी लिहिणाऱ्यांच्या गटात तुझ्या कथेवर आलेल्या प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट. सगळे वाचले. "अप्रतिम." "निःशब्द." "खूपच छान, पु.ले.शु.", म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. जोडलेले हात, गुलाब, टाळ्या. मधेच तुमच्या त्या ज्येष्ठांचं "आली आणखी एक जिलबी! ह.घ्या." जिलबी म्हणजे उगाच पाडलेलं लिखाण, आणि वर हलके घ्या. त्या एका वाक्याने तुझी झोप उडाली. माझा जीव मात्र बाकीच्यांनी खाल्ला. एवढ्या मोठ्या गटात तुझ्या कथेतली एक ओळसुद्धा कुणी परत लिहून दाखवली नाही. कौतुक करणाऱ्यांनी नाही आणि जिलबी म्हणणाऱ्यानेही नाही. माझ्या लेखी दोघांनी सारखंच केलंय. कथा वाचलेलीच नाही.

म्हणून आधी तुझी ओळ. "आजोबांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि मगच शिवी दिली." रेशन दुकानाची रांग, आयुष्यभर खुरपं धरून झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, दुकानदार म्हणतो उद्या या, रेंज आली तर बघू. आणि हा म्हातारा भडकायच्या आधी चष्मा सांभाळतो, कारण दुसरा करायला पैसे नाहीत. पूर्ण माणूस आलाय त्या वाक्यात. मेथी निवडता निवडता मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

आता दुसरी ओळ. "जणू काळ क्षणभर थबकला." काढून टाक. रेशनच्या रांगेत काळ थबकत नाही, मागचा माणूस ढकलतो. शेवटचा परिच्छेदही काढ. आजोबांची शिवी झाल्यावर नातवाने व्यवस्थेबद्दल बोलायला काही शिल्लकच राहिलेलं नाही.

हे आत्ता मी जे केलं, त्याला मी प्रोत्साहन म्हणते. दुसऱ्या कशालाही म्हणत नाही. आवडलं तर कोणती ओळ ते सांग. खटकलं तर कोणती ओळ ते सांग. ओळ सांगता येत नसेल तर गप्प बस, पुन्हा वाच, मग ये.

तू म्हणशील, बाई, आमचा हौशी लोकांचा गट आहे, दिवसभर कामं करून रात्री थोडं हसायला, लिहायला जमतो, एवढं काटेकोर कशाला? अरे, हौशी आहात म्हणूनच. मानधन नाही, पुरस्कार नाही, संपादक नाही. तुमच्याकडे एकमेकांना द्यायला लक्ष देऊन वाचणं सोडून दुसरं आहे तरी काय? तेच हातचं राखलं तर उरतं ते 'अहो रूपम् अहो ध्वनिः'. मग त्याचाच कंपू होतो. नवीन आलेलं कुणी त्यांच्यातल्या एखाद्याला टाळी द्यायला विसरलं की त्याच्या कवितेखाली चार दिवस शुकशुकाट.

पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ सुरू झालं, ते असंच. रविवारी चहाला जमायचं आणि एकमेकांच्या कविता ऐकायच्या. आधीचं नाव सन टी क्लब. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे, त्यांचे यजमान श्री. बा. रानडे. आज ही नावं तुला अभ्यासक्रमातली वाटतात, तेव्हा ती चहाच्या टेबलाभोवतीची माणसं होती. आणि त्यांची टिंगलही काय कमी झाली? अत्र्यांनी केशवकुमार या नावाने विडंबनं लिहिली, 1925 साली त्यांचं पुस्तक आलं, आणि या मंडळींच्या लकबींवर सगळा महाराष्ट्र हसला. पण विडंबन करायला मूळ कविता तोंडपाठ लागते. तिचं वृत्त लागतं, कवीचे लाडके शब्द लागतात, तो कुठे गळा काढतो ते ठाऊक असावं लागतं. अत्र्यांनी त्या कवींना वाचलं होतं, बारकाईने वाचलं होतं. म्हणून त्या थट्टेला किंमत. तुमच्या ज्येष्ठांनी काय वाचलं? 'जिलबी' हा शब्द कुणाच्याही कथेखाली चिकटवता येतो. पुढे 'हलके घ्या' लिहिलं म्हणजे थट्टा होत नाही. थट्टेचा हक्क ओळ वाचलेल्याला. बाकीच्यांनी वाचून यावं.

त्यांना काय उत्तर द्यायचं असं विचारशील. चिडू नकोस, रुसू नकोस, गट तर मुळीच सोडू नकोस. सरळ विचार, "सर, नेमकी कुठली ओळ जिलबी वाटली?" त्यांनी ओळ दाखवली तर मुकाट्याने ऐक, वहीत लिहून घे, कारण त्या गटात तुला पहिला वाचक मिळाला. नाही दाखवली, तर त्या शेऱ्याचं वजन तुला तिथेच कळलं.

सांगलीत आमचंही एक बसणं असायचं. बँकेतले, शाळेतले, टेलिफोन खात्यातले. लिहून पोट भरणारं कुणी नव्हतं. चहा, भडंग आणि इतकी थट्टामस्करी, की शेजारचे दार वाजवून जात. एकाच्या कवितेत दर खेपेला चंद्र यायचा. त्याने कागद उघडला की आमच्यातलं कुणीतरी उठून खिडकी लावून घ्यायचं. तो स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसायचा, कारण त्याला माहीत होतं की त्याचा प्रत्येक चंद्र आम्हाला पाठ आहे. विहिरीतला, परातीतला, वाड्याच्या पडक्या भिंतीवरचा. पुढे त्यानेच एक चंद्र नसलेली कविता आणली, तेव्हा त्या खोलीत झालेला आरडाओरडा मी विसरणार नाही.

तिथेच माझी एक मैत्रीण होती. तिच्याबद्दल मी सहसा बोलत नाही. तिने हळदीच्या वखारीत काम करणाऱ्या बाईवर कथा लिहिली. सांगलीची हळद जगभर जाते, पण ती निवडणाऱ्या बायकांच्या हातांकडे कुणी पाहत नाही. तिने पाहिलं. "नवरा गेला त्या आठवड्यातही तिचे हात पिवळेच होते." ही तिची ओळ. लग्नातली हळद, वखारीतली हळद आणि विधवेचे पिवळे हात, सगळं काही न समजावता आलेलं. मी ती ओळ ऐकली आणि पुढचं पान ऐकूच शकले नाही. बाकीचे म्हणाले, वा. पुढच्या बैठकीला दुसरी कथा, पुन्हा वा. वर्षानुवर्षं वा. तिने पदरचे पैसे घालून संग्रह काढायचं ठरवलं आणि छापायला देण्याआधी बाड माझ्या हाती दिलं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पिवळ्या हातांच्या ओळीसाठी मी तुझ्यापुढे वाकते. आणि शेवटी ती बाई वखारीच्या मालकाला भाषण देते ते काढ, ते तुझं नाही, ते सिनेमातून आलंय.

तिने काढलं नाही. ते तिचं पुस्तक, तिचा अधिकार. पण मंडळींपैकी कुणी तिच्या कानात घातलं की बाईंना जळफळाट होतोय. संग्रह आला, समारंभ झाला, पेढे वाटले, आणि त्यानंतर बाहेरचा वाचक गप्प राहिला. हळूहळू तिने लिहिणं सोडलं, माझ्याशी बोलणंही सोडलं. अजूनही गावात म्हणतात, बाईंनी तिला खचवलं.

मी नाही खचवलं. हे तुला सांगते, कारण उद्या तू ओळ दाखवायला लागलास की तुलाही हेच ऐकावं लागणार आहे. तिला त्या सगळ्या 'वा'ंनी खचवलं. बाहेर शांतता पसरली तेव्हा धरून बसायला तिच्याजवळ काय होतं? इतक्या वर्षांच्या कौतुकातून तिच्या हाती एक ओळ आली होती, तीही माझ्याकडून, आणि ती माझ्याकडून आलेली म्हणून तिला नकोशी झाली. मला तिची आठवण येते. हरिपूरच्या रस्त्याने संगमाकडे जाताना फार येते. खंत आहेच, आणि ती ही, की मी एकटी पडले. आणखी दोघांनी तीच ओळ तिला म्हणून दाखवली असती, तर शेवटाबद्दलचं माझं बोलणं तिला पचलं असतं. माणसाला आपली चांगली ओळ कोणती हे चार तोंडांतून कळलं, की वाईट ओळ खोडायचं बळ येतं. आधी ते बळ पुरवावं लागतं. ते पुरवायला गट लागतो, एकट्यादुकट्याचं ते काम नाही. म्हणून तर तुला सांगते, गट सोडू नकोस.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर तुझ्याच जळगावचं. लिहितावाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव, त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी ती उतरवून घ्यायचे. 1951 साली त्या गेल्या. मग ती वही अत्र्यांसमोर आली आणि 1952 साली कविता छापून निघाल्या. त्या दोघांनी "छान आहे गं आई" म्हणून विषय मिटवला असता, तर आज आपल्याकडे काय असतं? सोपानदेव स्वतः कवी होते, आईला शाबासकी देणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ओळ टिपून घेतली. कुणाची ओळ वहीत उतरवून घेणं, याहून मोठी दाद मला ठाऊक नाही.

आमच्या पिढीला निदान 'सत्यकथे'चा धाक होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी लांबलचक पत्रव्यवहार करत, कथा परत पाठवत, पुन्हा लिहून घेत. 1982 साली ते मासिक बंद झालं. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला असा संपादक येणार नाही, तेव्हा तुम्हीच एकमेकांचे व्हा. त्याला विद्वत्ता लागत नाही. "इथे थांबलो", "इथे कंटाळलो", "हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं", एवढं पुरतं. पण 'इथे' म्हणजे कुठे, ते हवं.

आणि आता तुझा कान धरते. तूच पाठवलेल्या शेवटच्या स्क्रीनशॉटमध्ये तुझ्या कथेच्या वर एका मुलीची कविता आहे. बहुतेक नवीन दिसते, कारण तिच्या खाली प्रतिक्रिया दोनच. त्यातली एक तुझी. "निःशब्द!!" कविता चांगली तीस-पस्तीस ओळींची, आणि तुझी प्रतिक्रिया त्याच मिनिटाला. कधी वाचलीस? स्वतःच्या कथेसाठी रात्रभर जागतोस आणि दुसऱ्याच्या कवितेला एक मिनिटही देत नाहीस? तुला जे खुपलं तेच तू तिच्याशी केलंस, फक्त उद्गारचिन्हं लावून. मला याचा राग आला, आणि तुझ्यावर जीव आहे म्हणून जास्त आला.

ती कविता मी वाचली. आई पहाटे डबा भरते आणि झाकणाला रबर लावते, तिथपासून पुढे नीट वाच. त्याच्या पुढे एक ओळ आहे जी मला आयुष्यात सुचली नसती. कुठली ते मी सांगणार नाही. तू शोध, आणि आज रात्री तिला गटातच सगळ्यांसमोर लिही, ओळ जशीच्या तशी उतरवून. तिसऱ्या कडव्यात यमकासाठी ओढून आणलेला एक शब्दही आहे. तो मात्र खाजगीत सांग, उद्या, आणि तिने विचारलं तरच.

कथेचा दुसरा खर्डा रविवारपर्यंत माझ्याकडे यायला हवा. शेवटचा परिच्छेद गाळून. आजोबांची शिवी कुठली ते तू लिहिलेलं नाहीस. लिही, संकोच करू नकोस. आणि ज्येष्ठांचं काय उत्तर येतं ते कळव.

तुझ्या
बाई