वाचकांचे प्रश्न: कुणी कुठं बटण दाबलं?

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा डॅलसला असतो, एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या लाइनीत. आमच्या टेकडीच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं, अमुक सेनेटरनं सीमा सुरक्षेच्या बिलाला विरोध केला म्हणजे तो घुसखोरांच्या बाजूचा, आणि चार दिवसांनी त्याच माणसाबद्दल बरोब्बर उलटं. मुलाला विचारलं की म्हणतो, बाबा तुम्ही टेन्शन घेऊ नका. पण मला स्वतः बघायचंय कोण कुठल्या बाजूला आहे ते. रिटायर्ड माणूस, वेळच वेळ आहे. कुठं बघू? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, पहिलं काम म्हणजे फॉरवर्डमध्ये बिलाचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर पुढे वाचूच नका, सरळ डिलीट मारा. तिकडे दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस, म्हणजे हाऊस आणि सेनेट अशी दोन सभागृहं असलेली तिथली संसद, बसते, 'सीमा सुरक्षा' असलं नाव लावून बिलं ढिगानं येतात, त्यातली बहुतेक कमिटीतच पडून राहतात आणि दोन वर्षं संपली की सगळी आपोआप बाद, परत आणायचं तर नवा नंबर घेऊन पहिल्यापासून सुरुवात. ३ जानेवारी २०२५ला सुरू झालेली ११९वी काँग्रेस जानेवारी २०२७मध्ये संपते, म्हणजे कुणी २०२३चं बिल 'लवकरच पास होणार' म्हणून पाठवत असेल तर ते कधीच गेलेलं आहे.

हाऊसचं बिल असेल तर एचआर आणि पुढे आकडा, सेनेटचं असेल तर एस आणि आकडा. काँग्रेस डॉट गव्ह ही तिथली सरकारी साइट आहे, फुकट, लॉगिनबिगिन काही लागत नाही. नंबर टाकायचा, काँग्रेस कितवी ते नीट निवडायचं (एचआर २ दर काँग्रेसमध्ये वेगळंच असतं), आणि पान उघडलं की 'ऍक्शन्स' वर जायचं. तिथं तारीखवार सगळी जंत्री मिळते. मतदान झालं असेल तर त्या ओळीत रोल कॉलच्या, म्हणजे नावानिशी नोंदलेल्या मतदानाच्या, नंबरची लिंक असते, ती दाबली की एकेकाचं नाव आणि समोर हो, नाही किंवा गैरहजर.

इथपर्यंत सोपं आहे. खरी मेख पुढे आहे, की 'नाही' म्हणजे नेमकं कशाला नाही.

फेब्रुवारी २०२४चं बघा. रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा या तिघांनी कित्येक महिने बसून सीमेवरचा आश्रयाचा नियम कडक करणारा मसुदा तयार केला, तो युक्रेन-इस्रायलच्या मदतीच्या पॅकेजला जोडला, आणि ७ फेब्रुवारीला सेनेटमध्ये मत झालं. हे मत बिल पास करायला नव्हतंच, बिल चर्चेला घ्यायचं की नाही एवढ्यासाठीच होतं, आणि त्याला ६० मतं लागतात. झालं ४९ विरुद्ध ५०, पडलं. आता त्या ५० जणांची यादी उघडून बघा, फार मजेशीर आहे. टेड क्रूझ आहेत, तुमच्या मुलाच्या टेक्सासचेच, त्यांच्या पक्षाचं म्हणणं हे बिल पुरेसं कडक नाही, शिवाय ट्रम्पनी करूच नका म्हणून सांगितलेलं. त्याच यादीत कॅलिफोर्नियाचे ॲलेक्स पडिला आहेत, त्यांचं म्हणणं हे जास्तच कडक आहे. बर्नी सँडर्स आहेत, त्यांचा आक्षेप सीमेबद्दल नव्हताच, इस्रायलला जाणाऱ्या पैशांबद्दल होता. आणि चक शूमर, ज्यांनी हे बिल मतदानाला आणलं तेच, त्यांचंही 'नाही', कारण पडलेलं मत परत घ्यायचं तर ती मागणी जिंकलेल्या बाजूनं मत दिलेल्या माणसालाच करता येते, म्हणून ते शेवटी मत फिरवून पलीकडे गेले. चौघांची चार कारणं आणि फॉरवर्डमध्ये चौघंही 'सीमा सुरक्षेच्या विरोधात'!

मे महिन्यात सीमेचा भाग एकटा वेगळा काढून परत आणला. तेव्हा ४३ विरुद्ध ५०. आणि यावेळी लँकफर्ड आणि सिनेमा, म्हणजे ज्यांनी मसुदा लिहिला त्या तिघांतल्या दोघांनी विरोधात मत दिलं, आता हा निव्वळ निवडणुकीचा तमाशा आहे म्हणून. त्यामुळे यादी बघायच्या आधी वरची 'क्वेश्चन' नावाची ओळ वाचायची सवय लावा. 'ऑन पॅसेज' असेल तर बिलावरच मत झालंय. 'क्लोचर' किंवा 'मोशन टू प्रोसीड' असेल तर ते दरवाजा उघडायचा की नाही याचं मत आहे. मग त्या माणसाच्या स्वतःच्या साइटवर त्याच दिवशीचं निवेदन शोधा, बहुतेक जण कारण लिहितातच.

सगळीच मतं अशी गुंत्याची नसतात. कागदपत्रं नसलेल्या माणसाला चोरी वगैरे आरोपाखाली पकडलं तर डांबून ठेवायलाच हवं, असं सांगणारा लेकन रायली कायदा घ्या, एस ५, ११९वी काँग्रेस. सेनेटमध्ये ६४-३५, हाऊसमध्ये २६३-१५६, २९ जानेवारी २०२५ला सही. सेनेटमधले १२ आणि हाऊसमधले ४६ डेमोक्रॅट बाजूनं गेले. तिथं यादी बघितली की कोण कुठं ते कळतं, फार डोकं लावावं लागत नाही.

पण काका, एक सांगू का, तुमच्या मुलाचा प्रश्न सीमेचा नाहीच. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला त्यातली ७ टक्के ही मर्यादा, ती भारताला बसते. ही मर्यादा काढायचं बिल, एचआर १०४४, जुलै २०१९मध्ये हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५नं पास झालं होतं, दोन्ही पक्षांची मतं घेऊन. सेनेटनं डिसेंबर २०२०मध्ये आपलं वेगळं बिल, एस ३८६, एकमतानं पास केलं, कुणी हरकत घेतली नाही म्हणून मोजणीच नाही, त्यामुळे नावांची यादी पण नाही. दोन्ही मसुदे वेगळे, जुळवेपर्यंत महिनाभरात काँग्रेस संपली, दोन्ही बाद. सगळे बाजूनं आणि कायदा मात्र झाला नाही, असंही होतं ते यावरून कळेल. तुम्ही ट्रॅक करायचं ते हे करा, सीमेचं कमी करा. आणि मुलाला मत नसलं तरी त्याच्या भागाचा हाऊसमधला प्रतिनिधी त्याचाच प्रतिनिधी असतो, फाइल विनाकारण अडकली असेल तर त्या ऑफिसमार्फत इमिग्रेशन खात्याकडे चौकशी करता येते, एका संमतीपत्रावर सही द्यावी लागते इतकंच.

प्रश्न: एच-वन-बीला एक लाख डॉलर फी लावली ती कुणाच्या मतानं? आणि मुलगी पैसे पाठवते त्यावर टॅक्स लागला म्हणतात, त्याला कोणी मत दिलं? — सहकारनगरहून एक आई

उत्तर: ताई, फीला कुणीच मत दिलेलं नाही. ती १९ सप्टेंबर २०२५ची राष्ट्राध्यक्षांची घोषणा आहे, संसदेत आलेलीच नाही. त्यामुळे 'फीच्या बाजूनं मत दिलेल्या खासदारांची यादी' असं काही आलं तर ती यादी खोटी.

टॅक्सचं तसं नाही, तो कायद्यात आहे, पण इतक्या मोठ्या गाठोड्यात बांधलेला की त्या एका गोष्टीवर कोणाचं काय मत ते यादीवरून सांगता येत नाही. २०२५च्या उन्हाळ्यातलं ते ट्रम्पचं 'बिग ब्यूटिफुल' बिल, त्यात सीमेवरच्या भिंतीला साडेशेहेचाळीस अब्ज डॉलर, आयकरात सवलती, मेडिकेडला (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला) कात्री आणि सगळं. पैसे पाठवण्यावरचा टॅक्स सुरुवातीला ५ टक्के होता, हाऊसमध्ये पास होताना साडेतीन झाला, शेवटी १ टक्का राहिला आणि तोही रोख, मनी ऑर्डर वगैरे देऊन पाठवलं तरच. मुलगी तिकडच्या बँक खात्यातून पाठवत असेल तर लागत नाही, निर्धास्त राहा. सेनेटमध्ये ५०-५० झालं आणि उपाध्यक्ष व्हान्सनी मत टाकून पास केलं. विरोधात गेलेल्या तीन रिपब्लिकनांमध्ये रँड पॉल होते, त्यांची मुख्य तक्रार कर्जाची मर्यादा वाढवण्याबद्दल होती. असल्या बिलावरून कोण परदेशी लोकांच्या बाजूचा ते ठरवायला जाऊ नका.

प्रश्न: मी लॉ करतेय. अमेरिकेचं सगळं मिळतं, आपल्याकडे २०२५च्या इमिग्रेशन आणि फॉरेनर्स बिलावर महाराष्ट्राच्या कुठल्या खासदारानं काय मत दिलं ते शोधत बसले, काही सापडेना. मी चुकीच्या जागी शोधतेय का? — लॉ कॉलेज रोडवरून एक विद्यार्थिनी

उत्तर: जागा बरोबर आहे गं, गोष्टच अस्तित्वात नाहीये. ते बिल २७ मार्च २०२५ला लोकसभेत आवाजी मतदानानं पास झालं. अध्यक्ष विचारतात, सदस्य ओरडतात, अध्यक्ष म्हणतात 'होकारवाले जिंकले', संपलं. १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार कायदे रद्द करून एक नवा कायदा आला, देशात कोण येणार कोण राहणार ते ठरवणारा, आणि कोण बाजूनं कोण विरोधात याची नावानिशी नोंद शून्य. मला विचारशील तर हे बरोबर नाही, पण कुणा सदस्यानं मतविभागणी मागून ती लावून धरली नाही तर असंच होतं.

नावं कुठं मिळतात तर जिथं मतविभागणी होते तिथं. घटनादुरुस्तीला ती करावीच लागते, म्हणून २०१५ची बांगलादेश सीमेवरच्या गावांच्या अदलाबदलीची १००वी घटनादुरुस्ती बघ, लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य. किंवा डिसेंबर २०१९चं नागरिकत्वाचं बिल, लोकसभेत ३११-८०, राज्यसभेत १२५-१०५. त्यात आपल्या महाराष्ट्राचा किस्सा आहेच, शिवसेनेनं लोकसभेत बाजूनं मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभात्याग केला, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार बसून तेव्हा दोन आठवडे झाले होते. म्हणजे एक सभागृह बघून पक्षाची भूमिका लिहिलीस तर अर्धीच लिहिलीस. संसद डॉट इनवर त्या दिवसाचं कामकाज उघड, मतविभागणी असेल तर नावं त्यातच मिळतात.

आणि व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की खासदाराचं मत म्हणजे पक्षाचं मत, १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर मोडलं तर खासदारकी जाऊ शकते. त्या माणसाचं स्वतःचं काय ते बघायचं तर त्यानं मांडलेल्या दुरुस्त्या, चर्चेतलं भाषण आणि विचारलेले प्रश्न बघायचे, पीआरएस या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर एकेका खासदाराचं पान आहे. फक्त पुण्याचे मुरलीधर मोहोळ शोधून 'प्रश्न शून्य' म्हणून स्टेटस टाकू नकोस, ते मंत्री आहेत, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. 😄

प्रश्न: जाऊबाईंनी न्यू जर्सीहून खासदारांना ए, बी, एफ अशा ग्रेड दिलेली यादी पाठवलीय. धरून चालू का? — एक वाचक, औंध

उत्तर: ग्रेड कोणी दिली ते आधी विचारा. उदाहरणार्थ नंबर्सयूएसए म्हणून एक संस्था आहे, ती अशा ग्रेड देते, आणि त्यांचं उघड ध्येयच इमिग्रेशन कमी करायचं आहे, तेव्हा त्यांचा 'ए' म्हणजे तुमच्या जाऊबाईंच्या दृष्टीनं चांगला असेलच असं नाही. उलट्या विचाराची संस्था त्याच माणसाला काठावर पण पास करणार नाही. कुठली मतं मोजायची तेही संस्थाच ठरवते, आणि कधी कधी नुसती को-स्पॉन्सर, म्हणजे बिलाला पाठिंबा देणारा, म्हणून केलेली सही पण धरतात. ती सही फार स्वस्त असते, त्या वरच्या ग्रीन कार्डाच्या एचआर १०४४वर तीनशेच्या वर सह्या होत्या. यादीत दोन-तीन नावं ओळखीची असतील तर त्यांच्या ग्रेडखाली कुठली बिलं मोजलीत ते उघडून बघा, बिलांचे नंबरच दिले नसतील तर ती यादी सोडून द्या.