नवरा कृष्णवर्णीय परदेशी असेल तर मूल होऊ द्यावं का? घरचे म्हणतात, मुलाचे हाल होतील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नाशिकच्या, होणारा नवरा केनियाचा, पुण्यात शिकायला आला आणि इथेच रमला. घरच्यांनी लग्नाला कसाबसा होकार दिला, पण मूल होऊ देऊ नका म्हणतात, कारण 'त्याचे हाल होतील'. असा संसार कसा चालतो आणि मुलाचा विचार कसा करायचा?

'हाल होतील' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हेच शब्द मला माझ्या काकांनी ऐकवलेत, अमरावतीच्या घरी, चहात बिस्कीट बुडवत.

माझा नवरा नायजेरियाचा, इबादान शहरातला, योरुबा समाजातला. २०१३ मध्ये एमसीए करायला पुण्यात आला. लग्न २०२१ मध्ये झालं. संसार कसा चालतो म्हणाल, तर तुमच्या मावशीचा चालतो तसाच. ओला टॉवेल पलंगावर का, शेगडी कोणी पुसायची, महिनाअखेरीला पैसे कुठे गेले. वेगळेपण म्हणाल तर घर भाड्याने मिळताना पंधरा ठिकाणी 'नुकतंच दुसऱ्याला दिलं' ऐकलं, आणि वाळवलेल्या कोळंबीच्या वासावरून सोसायटीत एक तक्रार झाली. ठेचा मात्र तो माझ्यापेक्षा जास्त खातो. एवढंच.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या. त्यात नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं आणि ती कार्यालयाच्या फलकावर लावतात, नावापत्त्यासकट. दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयातून अविवाहित असल्याचा दाखला आणायला आम्हाला दोन महिने लागले, तो तुम्ही आधीच मागवून ठेवा. आमच्या नोटिशीचा कोणीतरी फोटो काढला आणि तो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत काकांपर्यंत पोचला. आईबाबांना मी सांगितलेलं होतं, काकांना नव्हतं. ही माझी चूक, मान्य.

काका इतिहासाचे शिक्षक, आता निवृत्त. लहानपणी आम्हा भावंडांना त्यांनीच जंजिरा दाखवला, सिद्दींच्या गोष्टी सांगितल्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांचंच शस्त्र काढलं. म्हटलं, मलिक अंबर कोण होता काका? आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी, निजामशाहीचा वजीर झाला, खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे कोणाच्या बाजूने लढले? तुम्हीच शिकवलंत ना? काका म्हणाले, "इतिहास वेगळा, सोयरीक वेगळी." पांडुरंगाचा दाखला देऊन पाहिला, तर म्हणाले, तो देव आहे. तेव्हा तुम्ही हे दोन मुद्दे वापरायच्या भानगडीत पडू नका, चालत नाहीत.

आजीला दाखवायला म्हणून मी त्याला अमरावतीला घेऊन गेले. योरुबांमध्ये नवरदेव मुलीकडच्या वडीलधाऱ्यांपुढे जमिनीवर आडवा होतो, छाती टेकवून, पूर्ण. दोबाले म्हणतात त्याला. मी त्याला बजावून ठेवलं होतं की आमच्याकडे वाकून नमस्कार केला तरी पुरतं. आजी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हा गेला, चपला काढल्या आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट त्या थंडगार शहाबादी फरशीवर सपशेल पालथा. शेंगांचं सूप उलटलं. आजी ओरडली, "अवं, पडला पाहा पोट्टा!" उचलायला दोघं धावले. मी सांगितलं की पडला नाही, नमस्कार करतोय. आजी त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग चुलतभावाकडे वळून म्हणाली, "आपल्या घरचा एक तरी पोट्टा असा पाया पडते का? गुडघ्याले हात लावते अन् मोकळा होते." तिच्यापुरता विषय तिथे संपला. शर्टावर तुरीच्या टरफलांचे हिरवे डाग पडले, ते अजून गेलेले नाहीत.

काका मात्र चहा होईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस, लग्न कर, मी आडवा येणार नाही. पण मूलबाळ होऊ देऊ नका. त्या लेकराचे हाल होतील. शाळेत चिडवतील. उद्या त्याच्याशी लग्न कोण करेल?" नवरा शेजारीच बसलेला. त्याला तेव्हा मराठी फारसं येत नव्हतं, तो आपला हसून मान डोलवत होता. आई साडीच्या पदराला पीळ घालत होती. मी काहीही बोलले नाही. जे तेव्हा बोलायचं राहिलं ते मी आता तुम्हाला उत्तर म्हणून लिहितेय, हे मला कळतंय. पण ऐका.

हाल करणार कोण? चिडवणारी पोरं आभाळातून पडत नाहीत, घरी जे ऐकतात तेच शाळेत बोलतात. काकांच्या बोलण्याचा सरळ अर्थ असा, की आम्ही त्रास देणार आहोत, म्हणून तुम्ही मूल आणू नका. ही काळजी नव्हे, ही धमकी आहे, फक्त आवाज मऊ आहे. याच काकांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या बायोडेटात 'वर्ण : निमगोरा' लिहिलं होतं. ती माझ्याहून सावळी आहे. तिला दिवस गेल्यावर घरात केशराच्या डब्या आल्या. मग हाल फक्त माझ्याच पोराचे होणार होते का?

आणि काळजीच म्हणत असाल तर खरी काळजी कशी दिसते ते सांगते. नोटिशीच्याच महिन्यात सासूबाईंशी पहिल्यांदा व्हिडिओवर बोलले. मला तिकडे इयावो म्हणतात, म्हणजे सून, नवरी. 'जेवलीस का, आई कशी आहे' झालं आणि तिसऱ्या वाक्याला त्यांनी विचारलं, "तुझा जीनोटाइप काय?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं ही बाई इतक्या लांबून माझी जात विचारतेय. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि आत निघून गेले.

तो आत आला आणि मग त्याने पहिल्यांदा थोरल्या भावाबद्दल सांगितलं. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. सांधे धरायचे, थंडीतापात रात्रभर ओरडायचा, नवव्या वर्षी गेला. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे दोष रक्तात पण स्वतः आजारी नाहीत. लग्न झालं तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. नायजेरियात दर चार माणसांत जवळपास एक जण वाहक आहे. त्यामुळे तिथे पोरं पहिल्या-दुसऱ्या भेटीतच एकमेकांना जीनोटाइप, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार विचारतात, एए (दोष नाही) की एएस (वाहक)? कित्येक चर्चमध्ये हा कागद दाखवल्याशिवाय लग्न लावत नाहीत. दोघेही एएस निघाले म्हणून मोडलेली प्रेमं त्याच्या मित्रमंडळींत आहेत. नवरा स्वतः एएस.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी विदर्भातली. सिकलसेल आमच्याकडे गडचिरोलीपासून सगळीकडे आहे, आरोग्यसेविका तपासणीला येतात, तपासणीनंतर देतात ती लाल-पिवळी कार्डं मी पाहिलीत. तरी मला वाटायचं की हे दुसऱ्या लोकांचं असतं. आमच्या घरात आजवर लग्नाआधी कोणाचंही रक्त तपासलेलं नाही. धाकटीचे छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले, एकनाड नाही म्हणून पेढे वाटले. एकनाडीची एवढी धास्ती आणि थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे रक्ताच्या आणखी एका आनुवंशिक आजाराचा वाहक असण्याचं, नावही नाही. लेकराच्या हालांबद्दल बोलणाऱ्या माझ्या काकांनी, मी माझा रिपोर्ट काढल्याचं सांगितल्यावर, 'कशाला उगाच' म्हटलं होतं.

माझा रिपोर्ट एए आला. म्हणजे आमचं मूल फार तर वाहक होईल, आजारी नाही. दोघेही एएस असते तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका होता. मी थॅलेसेमिया मायनर असते तरी तेवढाच, हे फार जणांना माहीत नसतं. पूर्व आफ्रिकेतही सिकलसेल आहे, तेव्हा तुम्हा दोघांना हे लागू आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगते. मूल भारतात जन्मलं, तुम्ही भारतीय आणि नवरा कायदेशीर व्हिसावर असेल, तर मूल जन्माने भारतीय. दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत, त्यामुळे कोणीही 'तिकडचाही काढून ठेवा' म्हटलं तर ऐकू नका. लग्न नोंदून दोन वर्षं झाली की नवऱ्याला ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणाऱ्या कार्डासाठी अर्ज करता येतो, तोवर ई-एफआरआरओ या परदेशी लोकांच्या नोंदणीच्या पोर्टलवर कागद चढवत बसायचं. ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे दुसरं कळल्यावर आमच्या काकांचा अर्धा विरोध मावळला. त्यांच्या मनात नेमकं काय चाललं होतं ते मला तेव्हा समजलं.

आता एक गोष्ट, जी खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. आम्हाला अजून मूल नाही. मी बत्तीसची आहे, गेलं वर्षभर दोघं मिळून 'पुढच्या वर्षी' म्हणतोय. बारसं आठव्या दिवशी करायचं की बाराव्या, यावर मात्र आमची कडाक्याची भांडणं झालीत, कारण योरुबांचं नामकरण आठव्या दिवशी असतं. आमच्या रिवाजाप्रमाणे कानात कुर्र करणार आत्या, म्हणजे इबादानची माझी नणंद. तिला अजून तो आवाज काही केल्या जमत नाही, 'ग्र्र' होतं.

आणि काकांचं ते वाक्य मला रात्री आठवत नाही असंही नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मॉलमध्ये घुसून मारलं, तो व्हिडिओ पाहून माझा नवरा आठवडाभर कामाशिवाय बाहेर पडला नव्हता. ते पुण्यात झालं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याचा रागही आला होता. परवा लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या मुलाने याच्या मनगटावर बोट घासलं आणि आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "काका, तुमचा रंग जात नाही?" याने विचारलं, "तुझा जातो?" पोरगं आपलाच हात घासून बघायला लागलं. त्याची आई लालबुंद झाली आणि तिसऱ्या मजल्यालाच उतरून जिन्याने गेली. आम्हा दोघांना हसू आलं. घरात आल्यावर मात्र मी विचार केला, की हेच रोज सहा वर्षांच्या आपल्या पोराला झालं तर त्याला असं उत्तर सुचेल का. नवरा म्हणतो, सुचेल, मी शिकवेन. मला अजून खात्री नाही. 'मिक्स बेबी किती क्यूट' म्हणणाऱ्या मैत्रिणींचाही मला काकांइतकाच राग येतो.

तर मूल होऊ द्यावं की नाही हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. 'हाल होतील' या कारणासाठी नाही म्हणू नका, एवढंच सांगते. पैसे नाहीत, इच्छा नाही, नवरा मदत करणारा नाही, ही कारणं चालतील.

रक्त तपासताना नुसती सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची झटपट प्राथमिक चाचणी करून थांबू नका, त्यात थॅलेसेमिया मायनर कळत नाही. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी करा, दोघांचीही, लग्नाच्या खरेदीआधी. आणि रिपोर्ट आला की त्याच्या आईलाही पाठवा. माझ्या सासूबाईंनी माझ्या रिपोर्टची प्रिंट काढून बायबलमध्ये ठेवलीय, थोरल्याच्या फोटोशेजारी.