८६ मार्क, पण कुठल्या मशीनवरचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी गेमच्या स्कोअरबद्दलच आहेत, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवली आणि ही एकत्र घेतली. पत्रं थोडी छोटी केलीत, बाकी भाषा तुमचीच.

नमस्कार दादा, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. माझ्याकडे पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४ आहे, साधावाला, प्रो नाही. मध्ये एक मोठा गेम घेतला, नाव लिहीत नाही, सगळीकडे ८५-९० मार्क दिलेले. घरी लावला तर गर्दीच्या रस्त्यावर आलो की चित्र अडकतं, भिंतींचे डिझाइन उशिरा येतात, दोनदा तर गेमच बंद पडला. मित्राच्या पीसीवर तोच गेम मक्खन चालतो. हे क्रिटिक लोक पैसे घेऊन मार्क देतात का? — एक वाचक, ठाणे

तुमचा राग मला कळतो. एवढे पैसे घालायचे आणि रविवारची अख्खी दुपार लोडिंग बघत बसायचं, कोणाचंही डोकं फिरेल. पण पैसे घेऊन वगैरे म्हणायच्या आधी एक गोष्ट बघा, ते मार्क कुठल्या मशीनवर खेळून दिलेत ते तुम्ही वाचलं होतं का? बहुतेक जण वाचत नाहीत आणि सगळी फसगत तिथेच होते.

सगळ्यात मोठं उदाहरण सायबरपंक २०७७. १० डिसेंबर २०२० ला आला. रिलीजच्या आधी क्रिटिकना जी कॉपी मिळाली ती फक्त पीसीची, पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला लावायच्या गेम मशीनची, कोणाला दिलीच नाही, वर स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही बंदी होती, कंपनीने दिलेलाच वापरायचा. त्यामुळे पहिल्या दिवशी जगाने जे वाचलं ते तगड्या पीसीवरचं मत होतं. मेटाक्रिटिक ही क्रिटिकच्या मार्कांची सरासरी काढणारी साइट, तिथे पीसीचा स्कोअर शंभरपैकी ८६. मग लोकांनी आणि क्रिटिकनी जुन्या कन्सोलवर खेळून बघितलं आणि तिथला आकडा आला पीएस४ चा ५७, एक्सबॉक्स वनचा ६१. गेम एकच, नाव एकच, पोस्टर पण तेच. कंपनीने जाहीर माफी मागितली, रिफंड देऊ म्हणाली, पीएस४ बनवणाऱ्या सोनीने आठवडाभरात गेम आपल्या स्टोअरवरून काढूनच टाकला आणि तो परत आला थेट जून २०२१ मध्ये.

म्हणजे ८६ देणारा खोटं बोलत नव्हता, त्याने जे खेळलं त्याचे मार्क दिले. आपण मामलेदारची मिसळ तिथे बसून गरमागरम खातो आणि तीच पार्सल आणून दोन तासांनी खातो, चव एकच असते का? मिसळीचं कौतुक करणाऱ्याने तिथली खाल्ली होती, तुमच्यापुढे पार्सल आहे.

चूक कोणाची म्हणाल तर माझ्या मते ज्याने कॉपी दाबून ठेवली त्याची. ज्या मशीनवर लाखो लोक खेळणार आहेत त्या मशीनची कॉपी आधी द्यायची नाही आणि प्री-ऑर्डर मात्र त्याच लोकांकडून घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही आणि हे मी प्रत्येक वेळी लिहिणार. तेव्हापासून माझा नियम आहे की रिलीजच्या दिवशी माझ्या मशीनवरचा एकही रिव्ह्यू दिसत नसेल तर मी तो गेम घेत नाही, थांबतो, आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

आता तुमच्याकडे असं का झालं ते. पीएस४ हा २०१३ चा डिझाइन, आत साधी फिरणारी हार्ड डिस्क. नवीन मोठे गेम असे बनवलेले असतात की तुम्ही रस्त्याने गाडी पळवत असताना पुढचा भाग डिस्कवरून उचलून मेमरीत टाकत राहायचं, डिस्क हळू असली की भिंत आधी येते आणि तिच्यावरचं चित्र मागून येतं. ते तुम्हाला दिसतंय तेच. आत एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली तर लोडिंग थोडं कमी होतं पण प्रोसेसर तोच राहतो, त्यामुळे गर्दीतलं अडकणं जात नाही, तेवढ्यासाठी खर्च करू नका.

आणि पीसी म्हणजे नेहमी बेस्ट असंही समजू नका हां. जून २०१५ मध्ये बॅटमॅन अर्कम नाइट आला, पीएस४ वर ८७ मार्क, सगळे खूश, आणि पीसीवर इतका वाईट चालला की एक-दोन दिवसांत पीसीची विक्रीच थांबवावी लागली, परत विकायला आला ऑक्टोबरमध्ये. त्याच्याही आधीचं बायोनेटा घ्या, जपानच्या फामित्सू मासिकात चार जण प्रत्येकी दहापैकी मार्क देतात, तिथे एक्सबॉक्स ३६० वाल्याला ४० पैकी ४० आणि पीएस३ वाल्याला ३८. कारण एकच, पीएस३ चं व्हर्जन दुसऱ्या टीमने उतरवलं होतं, त्यात फ्रेम पडायच्या, म्हणजे चित्र अडकत चालायचं, आणि लोडिंग जास्त. म्हणजे मशीन ताकदवान आहे का एवढ्यावर भागत नाही, त्या मशीनसाठी काम कोणी केलं आणि किती वेळ दिला ते पण येतं.

तर पुढच्या वेळी मेटाक्रिटिक उघडलंत की वरच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका, खाली प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वेगळा आकडा असतो तो बघा आणि तो किती रिव्ह्यूंवरून काढलाय ते पण बघा. पीएस५ चे शंभर रिव्ह्यू आणि पीएस४ चे पाच, हे पाहिलं की कळतं जुन्या मशीनकडे कोणी बघितलेलंच नाही. आणि रिव्ह्यूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी एक ओळ असते, कशावर खेळलो त्याची, माझ्यासाठी ती ओळ मार्कांपेक्षा महत्त्वाची आहे.

दादा, दहापैकी ७ म्हणजे चांगलं ना? मग गेमला ७ मिळाले की सगळे फ्लॉप म्हणतात ते का? — वाशी

आपल्याकडे दहावीला ७० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पेढे वाटतो आपण. गेममध्ये मात्र सगळी मोजपट्टीच वर सरकलीय, मोठ्या कंपनीच्या गेमला ७५ च्या खाली आले की चेहरे पडतात. मेटाक्रिटिकवर गेमला हिरवा रंग ७५ ला मिळतो, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. म्हणजे आपली डिस्टिंक्शनची रेघ आणि त्यांची हिरवी रेघ एकाच आकड्यावर. पण सगळे असं देत नाहीत, इंग्लंडचं एज मासिक पाचाला खरोखर मधला मार्क धरतं, तिथे ७ म्हणजे चांगला गेम.

आणि हे सगळं फक्त मानापमानाचं नाहीये, त्यात लोकांचे पगार अडकलेत. फॉलआउट न्यू वेगास २०१० मध्ये आला, बनवणारी ऑब्सिडियन, पैसे लावणारी दुसरी कंपनी, आणि दोघांमध्ये ठरलं होतं की मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस. आले ८४. एका मार्काने बोनस गेला, हे २०१२ मध्ये त्या टीममधल्याच एका प्रमुखाने जाहीर सांगितलं. अकरावीच्या कटऑफला एका मार्काने कॉलेज हुकलेली पोरं आपण बघितलीत, तेव्हा त्या टीमचं काय झालं असेल ते मला वेगळं समजवावं लागलं नाही. ज्या गेमला आजही लोक डोक्यावर घेतात त्याच्या बनवणाऱ्यांना सरासरीतला एक आकडा नडला, हे मला आजही खुपतं.

मी नेरूळला राहते. मुलगा नववीत आहे, एक गेम मागतोय, म्हणतो आई त्याला ९७ मार्क आहेत जगात. ९७ म्हणजे चांगलाच असेल ना? — एक आई

ताई, ते मार्क गेम किती छान बनवलाय याचे आहेत, तो नववीतल्या मुलाने खेळावा का याचे नाहीत. जीटीए ५ ला ९७ आहेत आणि युरोपच्या पेगी रेटिंगमध्ये तो १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. दोन्ही खरं. स्टोअरच्या पेजवर नाहीतर डब्यावर कोपऱ्यात वयाचा आकडा असतो, पेगीचा ३, ७, १२, १६, १८ असा, अमेरिकेचा असेल तर इंग्रजी अक्षर, त्यात एम म्हणजे १७ च्या पुढे. आधी तो बघा, मग त्याच्यासोबत बसून अर्धा तास कोणाचा तरी खेळतानाचा व्हिडिओ बघा. सरळ नाही म्हणण्याआधी त्याला त्यात काय आवडतंय ते विचाराच, बऱ्याचदा गाडी चालवणंच आवडत असतं आणि त्याला दुसरे शंभर गेम आहेत.

भाऊ, मी ऐरोलीला पीजीमध्ये राहतो, इंजिनिअरिंग थर्ड इयर, लॅपटॉपवर खेळतो. मेटाक्रिटिक, ओपनक्रिटिक, स्टीम, तिन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं असतं, नक्की कोणाचं खरं मानू?

मित्रा, तिघं तीन वेगळे प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं वेगळी येतात. मेटाक्रिटिक क्रिटिकची सरासरी काढतं पण सगळ्यांना सारखं वजन देत नाही, काहींचं मत जास्त धरतं आणि कोणाचं किती ते सांगत नाही. कोणी पाचपैकी ४ स्टार दिले की त्याचे ८० धरतं. ओपनक्रिटिक २०१५ ला सुरू झालं, ते सगळ्यांना सारखं मोजतं, पण प्लॅटफॉर्म वेगळे काढत नाही, सगळं एकाच आकड्यात, त्यामुळे वर ठाण्याच्या वाचकांना जो त्रास झाला तो तिथे बघून कळलाच नसता.

स्टीम हे पीसीच्या गेमचं ऑनलाइन दुकान, तिथलं ९० टक्के म्हणजे ९० मार्क नव्हेत, शंभरातल्या नव्वद जणांनी अंगठा वर केला एवढंच, त्यात ठीकठाक म्हणणाराही आला आणि वेडा झालेलाही आला. पण तुझ्यासाठी स्टीमच कामाचं, कारण तिथले सगळे पीसीवाले आणि तुझ्यासारखेच साध्या लॅपटॉपवाले पण खूप असतात. एकूण आकड्याच्या शेजारी गेल्या ३० दिवसांचा आकडा असतो, तो आधी बघ. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांनी धुतला होता, टीम वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिली, २०२४ मध्ये स्टीमवरचं त्याचं एकूण मत व्हेरी पॉझिटिव्ह झालं, आणि मेटाक्रिटिकवर पीएस४ चे ७१ तसेच, कारण तिथे क्रिटिकने पहिल्यांदा दिलेला मार्कच धरतात, नंतर बदलला तरी.

मेटाक्रिटिकवरचा युजर स्कोअर, म्हणजे साध्या खेळणाऱ्यांनी दिलेले मार्क, मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत बघूच नकोस. जून २०२० मध्ये लास्ट ऑफ अस पार्ट २ ला क्रिटिकचे ९३ होते आणि लोकांनी गेम संपवायला लागतो तेवढा वेळ जायच्या आधीच शून्य-शून्य टाकून युजर स्कोअर पाडला. त्यानंतर मेटाक्रिटिकने रिलीजनंतर ३६ तास युजर रिव्ह्यू बंद ठेवायला सुरुवात केली. आणि शेवटी तुझा लॅपटॉप हाच खरा क्रिटिक, स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड मिळतो, पहिल्या तासातच सगळ्यात गर्दीची जागा गाठून फ्रेम बघ.

खारघरहून लिहितेय. रोज ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाते, निन्टेंडोचा स्विच घेतलाय, हातात धरून खेळायचा. मोठे गेम स्विचवर घ्यावेत का? स्कोअर तर बरे दिसतात.

विचर ३ चं बघा. पीएस४ ला ९२ आणि २०१९ ला स्विचवर आला तेव्हा ८५. सातच मार्कांचा फरक म्हणजे जवळजवळ तसाच दिसत असेल असं वाटेल, पण हातात धरून खेळताना चित्र ५४० पीच्या आसपास, म्हणजे बरंच कमी बारकाव्याचं असतं, झाडं पुसट, लांबचं अंधुक. मग ८५ कसे? कारण क्रिटिकने एवढा मोठा गेम खिशात मावतो याचेही मार्क दिले, आणि ते मला बरोबर वाटतं, तुमच्यासारख्यांना त्याचाच उपयोग. म्हणून आकड्यापेक्षा रिव्ह्यूत हातात धरून खेळल्याबद्दल काय लिहिलंय ते शोधा, अक्षरं वाचता येतात का, बॅटरी किती जाते. बरेच जण टीव्हीला लावून खेळतात आणि तेवढंच लिहितात.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम पण तुमच्या मशीनवर आहे. तो ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवरच आला, पीसी, पीएस४, एक्सबॉक्सला ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे सुरुवातीचे रिव्ह्यू स्विचचेच सापडतील. नंतर २०२२ मध्ये एन्हान्स्ड एडिशन आली, हिंदी आवाजासकट, तेव्हा रिव्ह्यू वाचताना तारीख बघा, २०२० चा असेल तर तो जुन्या राजीचा आहे. लोकलमध्ये खेळणार असाल तर हेडफोन लावा, आणि सेटिंगमध्ये हिंदी आवाज दिसला तर हिंदीत खेळा.