२००४ ची निवडणूक शिंदे यांनी लढवली, मुख्यमंत्री मात्र देशमुख झाले, असे का?

आपण विचारले आहे की, सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना काँग्रेस आघाडीने २००४ ची विधानसभा निवडणूक जिंकली, तरी ते पद विलासराव देशमुख यांच्याकडे कसे गेले आणि दोघांपैकी अधिक लोकप्रिय कोण होते. मी सोलापूरचा असल्याने शिंदे यांच्याविषयी मला आपुलकी आहे, हे आधीच सांगतो.

याची सुरुवात २००४ च्या आधी होते. जून २००२ मध्ये काही आमदारांनी पाठिंबा काढल्यामुळे विलासरावांचे सरकार अडचणीत आले होते. काँग्रेसने आपले आमदार बंगळुरूला नेऊन ठेवले आणि विलासरावांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. विरोधकांच्या हल्ल्यातून वाचलेल्या या मुख्यमंत्र्यांना जेमतेम सात महिन्यांनी, जानेवारी २००३ मध्ये, स्वपक्षातील नाराज गटाच्या तक्रारींमुळे आणि दिल्लीच्या आदेशाने पद सोडावे लागले. त्यांच्या जागी शिंदे आले. महाराष्ट्राला त्यांच्या रूपाने पहिला दलित मुख्यमंत्री मिळाला, आणि त्या दिवशी सोलापुरात आम्हाला जो अभिमान वाटला तो आजही ओसरलेला नाही.

मात्र शिंदे यांच्या वाट्याला दोन वर्षेही पुरती आली नाहीत. मे २००४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील ४८ पैकी २५ जागा शिवसेना-भाजप युतीने जिंकल्या आणि खुद्द सोलापुरात त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे भाजपच्या सुभाष देशमुख यांच्याकडून पराभूत झाल्या. अशा स्थितीत ऑक्टोबरमध्ये आघाडीने सत्ता राखली, याचे श्रेय मुख्यमंत्री म्हणून त्यांना द्यायलाच हवे. पण निकालाचे आकडे विचित्र होते. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री, असे मानले तर हे पद राष्ट्रवादीकडे जायला हवे होते. राष्ट्रवादीने जास्तीची मंत्रिपदे घेऊन ते काँग्रेसला सोडले, आणि मग काँग्रेसमध्ये नाव कोणाचे, हा प्रश्न उरला.

काँग्रेसच्या रीतीप्रमाणे विधिमंडळ पक्ष सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्याचा एका ओळीचा ठराव करतो आणि नाव दिल्लीहून येते. आमदारांचा कल निरीक्षक विचारून घेतात, परंतु किती आमदारांनी कोणाचे नाव सांगितले हे जाहीर होत नाही. त्यामुळे मतदाराला ठाऊक असलेली लोकप्रियता आणि पद मिळवून देणारी लोकप्रियता या वेगळ्या गोष्टी ठरतात. माझ्या मते विलासरावांनी हे शिंदे यांच्यापेक्षा अधिक ओळखले होते. १९९५ मध्ये लातुरात पराभव झाल्यावर त्यांनी पुन्हा शून्यापासून माणसे जोडली होती, आणि २००३ मध्ये पद गेल्यावरही आमदारांशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही. १ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांनी पुन्हा शपथ घेतली. शिंदे यांना आंध्र प्रदेशचे राज्यपाल करण्यात आले आणि त्यांनी बंडाचा शब्दही काढला नाही. त्यांचा हा संयम मला त्यांच्या कोणत्याही पदापेक्षा मोठा वाटतो.

लोकप्रियतेचे म्हणाल, तर गर्दी जमवणारा आणि भाषणाने सभा जिंकणारा नेता म्हणून मी विलासरावांचे नाव घेईन. सामान्य माणसाच्या जिव्हाळ्यात मात्र शिंदे कुठेही कमी नव्हते, निदान आमच्या भागात तरी. दोघांचे वैर होते असेही मानू नये. १९९१ च्या सुमारास शरद पवार यांच्या नेतृत्वाविरुद्ध काँग्रेसमध्ये जे बंड झाले, त्यात हे दोघेही एकाच बाजूला होते. खरे उघड वैर पुढे, डिसेंबर २००८ मध्ये दिसले. मुंबईवरील हल्ल्यानंतर विलासराव पायउतार झाले, अशोक चव्हाण यांची निवड झाली, आणि त्या पदाची आशा धरून बसलेल्या नारायण राणे यांनी पक्षश्रेष्ठींवर जाहीर टीका केल्याने त्यांना निलंबित करण्यात आले.