५० मिमीच्या लेन्सचा फोटो डोळ्यांना दिसतं तसा का वाटतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत: ५० मिमीचा फोटो नैसर्गिक का वाटतो, आणि फोनने जवळून काढलेल्या फोटोत आईचं नाक मोठं का येतं. दोन्हींचं उत्तर अंतरात आहे.

आधी नाकाचं बघू. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतो. फोन नाकापासून ३० सेंमीवर धरला तर कान ४२ सेंमीवर गेला, म्हणजे ४० टक्के लांब. नाक फुगणारच. तोच फोन दीड मीटरवर नेला की फरक उरतो ८ टक्के. माझ्या आजीचा मी पहिला फोटो अगदी तोंडाजवळून काढला. "ही कोण बाई?" म्हणाली. मग दारात उभं राहून काढला आणि क्रॉप केला, तो तिने कपाटावर लावून घेतला. फोन तोच, लेन्स तीच. परस्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या नि लांबच्या गोष्टी एकमेकांच्या तुलनेत किती मोठ्या दिसतात ते, ठरतो तो तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून. पोर्ट्रेटला ८५ मिमी चांगली म्हणतात, कारण ती लावली की मागे सरकावंच लागतं.

मग ५० मिमीचं काय? इथे फोटो बघण्याचं अंतर येतं, आणि मला तर हीच खरी गंमत वाटते. फोकल लेन्थला, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याला, प्रिंट सेन्सरपेक्षा (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागापेक्षा) जितक्या पट मोठी केली तितक्याने गुणा. तेवढ्या अंतरावरून फोटो खरा दिसतो. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर ३६ मिमी रुंद, १२ इंच रुंदीची प्रिंट म्हणजे साडेआठ पट. ५० मिमीला हे अंतर येतं सुमारे ४२ सेंमी. हातात फोटो धरून आपण साधारण तिथूनच बघतो! २४ मिमीला ते येतं २० सेंमी, २०० मिमीला १.७ मीटर. तिथून कोण बघतंय? म्हणून वाइडमध्ये (२४ मिमीसारख्या लेन्समध्ये) खोली लांबलचक वाटते आणि टेलीमध्ये (२०० मिमीसारख्या) रस्त्यावरची माणसं एकमेकांना चिकटलेली.

खात्री करायची तर २४ मिमीचा ग्रुप फोटो घ्या, एक डोळा मिटा आणि प्रिंट वीतभर अंतरावर आणा. कडेच्या लोकांची ताणलेली डोकी हळूहळू गोल होतात.

क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर ५० ऐवजी ३५ मिमी घ्या. आणि आईचा फोटो फोननेच काढायचा असेल तर पाच फूट मागे या नि झूमचं २एक्स बटण दाबा. बहुतेक फोनवर ते जवळजवळ ५० मिमीच असतं.