मॅन्सरवर लिहिताना

प्रिय पोरी,

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॉम्बर वैमानिक लेस्ली मॅन्सर, त्याच्यावरचा तुझा लेख वाचला. मेहनत घेतली आहेस, ती दिसते. पण दुसऱ्याच वाक्यात तू त्याला ‘हसत हसत मृत्यूला कवटाळणारा’ करून टाकलंस आणि तिथून पुढे मला तो पोरगा दिसेनासाच झाला. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी त्याच्या विमानाकडे बघ. मँचेस्टर बॉम्बर. दोनच इंजिनं, रोल्स-रॉइसची व्हल्चर जातीची. ती तापायची, ऐन वेळी दगा द्यायची, आणि एक बंद पडलं की उरलेल्या एकावर विमान उंची धरेना. हे हवाईदलात सगळ्यांना ठाऊक होतं. १९४२च्या जूनमध्ये ही विमानं मोहिमांवरून काढूनच घेतली. त्याच सांगाड्याला चार मर्लिन इंजिनं लावून लँकेस्टर तयार झालं आणि नावाजलं गेलं. मॅन्सर गेला त्याच वर्षी ३१ मेच्या पहाटे. तुझ्या लेखात ‘नियती’ फार वेळा आली आहे. त्यातली एक तरी खोड आणि तिथे व्हल्चर इंजिन लिही.

त्या रात्री जर्मनीतल्या कोलोन शहरावर हजाराहून जास्त विमानं सोडली होती. हा आकडा गाठायचाच म्हणून प्रशिक्षण केंद्रांतली जुनी विमानं आणि शिकाऊ पोरंही ओढली गेली. मॅन्सरचं विमान आग लावणाऱ्या बॉम्बनी भरलेलं. ते सात हजार फुटांच्या वर चढेना. त्याच उंचीवरून त्याने बॉम्ब टाकले. खाली काय झालं तेही लिही. कोलोनमध्ये साडेचारशेहून अधिक माणसं मेली, सुमारे पंचेचाळीस हजार बेघर झाली. हे गाळून वीरकथा लिहिता येते, पण मग ती शाळेच्या स्नेहसंमेलनातच शोभते.

आता परतीचा प्रवास. इथे तू तीन ओळींत उरकलं आहेस, आणि खरं तर इथेच थांबायला हवं होतं. सर्चलाइट आणि तोफा चुकवत तो हजार फुटांच्याही खाली आला. मागचा गनर जखमी, पुढे धूर भरलेला. पुन्हा दोन हजारांवर चढला, तर डावं इंजिन पेटलं. आग विझायला दहा मिनिटं गेली. तोवर पंखाचा काही भाग जळून इंजिन कायमचं बंद पडलं होतं. वेग घटत होता, उंची घटत होती. पॅराशूटने उड्या मारायची सोय आधीच होती. पण खाली शत्रूच्या ताब्यातला मुलुख, म्हणून तो विमान आणि माणसं घरी न्यायला धडपडत राहिला. ते बरोबर होतं का? वाचकाला हा प्रश्न पडू दे, तू उत्तर द्यायची घाई करू नकोस.

शेवटी त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. बेव्हीस्टॉक या सार्जंटने पॅराशूट पुढे केलं, ते त्याने हाताने दूर सारलं. आणखी काही सेकंदच विमान सरळ धरू शकेन, तू उडी मार, असं त्याचं सांगणं. म्हणजे दांडा सोडला असता तर विमान कलंडलं असतं आणि बाकीचे आतच अडकले असते. यात ‘कवटाळणं’ कुठे आहे? हातातलं काम अर्धं राहिलं होतं, एवढंच मला दिसतं. वीस वर्षं पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

आणि हे सगळं आपल्याला कळलं कसं, याचा तुझ्या लेखात पत्ताच नाही! विमान बेल्जियममध्ये ब्रीजवळ पडलं. सहाही साथीदार वाचले. नॅव्हिगेटर बार्न्स पकडला गेला, बाकी पाच जणांना बेल्जियन लोकांनी लपवलं आणि ‘कॉमेट’ या गुप्त साखळीने फ्रान्समधून स्पेनपर्यंत पोहोचवलं. ही साखळी उभी करणारी आंद्रे द योंग तेव्हा पंचविशीतली होती. पुढे जर्मनांनी तिला पकडून छळछावणीत टाकलं. हे पाच जण इंग्लंडला पोहोचले, त्यांनी हकीगत सांगितली, म्हणून ऑक्टोबरमध्ये मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झालं. त्या माणसांना निदान एक परिच्छेद दे.

शीर्षकातलं ‘दिल्लीचा वीर’ काढ. जन्म दिल्लीचा खरा, वडील टपाल-तार खात्यात, काही काळ दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगच्या शाळेतही होता. पण तो इंग्रज मुलगा होता, इंग्लंडसाठी लढला. दिल्लीचा उल्लेख मजकुरात एका ओळीत येऊ दे.

बेव्हीस्टॉक त्या रात्री सहवैमानिक होता, नंतर सागरी विमानातून त्याने पाणबुड्या बुडवल्या. ते घ्यायचं की नाही, तू ठरव. मी असतो तर घेतलं असतं, पण लेख मॅन्सरचा आहे.

दिवाळीआधी नवा मसुदा पाठव. विशेषणं निम्मी कर.

तुझा,
काका