साडेपाच हजारांत पाच जणांचा किराणा आणि भाजी कशी बसवायची? आठवड्याचा मेनू कसा ठरवायचा?

ताई, मेनूचं सांगते, पण आधी तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं, दूध आणि गॅस सोडून महिन्याला साडेपाच हजार, रेशनकार्ड केशरी, नाव प्राधान्य यादीत, पण "सासरी रेशनचं धान्य खाल्लेलं चालत नाही, म्हणून ते धरू नका." मी ते धरणार आहे. ते सोडून तुमचं गणित बसणार नाही, आणि कुणी बसवून दिलं तर ते तुमच्याच ताटातलं काढून बसवलेलं असेल.

प्राधान्य यादीत माणशी पाच किलो रेशन मिळतं, म्हणजे पाच माणसांचं महिन्याला पंचवीस किलो धान्य होतं. कधी तांदूळ जास्त, कधी गहू जास्त. जानेवारी 2023 पासून ते पूर्ण मोफत आहे, त्याआधी गहू दोन रुपये नि तांदूळ तीन रुपये किलो होता. आज वाण्याकडे तेवढंच साधं धान्य घ्यायला गेलात तर हजार रुपयांच्या आसपास जातात. त्या हजारात दोन किलो तूरडाळ, दोन लिटर तेल, किलोभर शेंगदाणे येतात आणि थोडे उरतात त्यात अंडी. म्हणजे "चालत नाही" या दोन शब्दांपायी तुमच्या घरातली डाळ आणि दाणे जातायत. तांदूळ कुठलाही खाल्ला तरी पोट भरतं. डाळ कमी पडली की पोरांच्या अंगाला लागत नाही.

मी हे इतकं तावातावाने का लिहितेय ते सांगते. आम्ही नाशिकला जुन्या सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला एका कारखान्यात कंत्राटावर होते. 2020 च्या मार्चअखेरीला सगळं बंद झालं आणि कंत्राटी माणसाला घरी बसून पगार कोण देतो? घरात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. कार्ड आमच्याकडे आधीपासून होतं, पण कागदपत्रांच्या पिशवीत पडलेलं. त्या एप्रिलपासून नेहमीच्या धान्यावर माणशी पाच किलो जादा मोफत सुरू झालं. सासूबाईंनी कुणाला न विचारता कार्ड काढलं, डोक्यावर पदर घेतला, तोंडाला रुमाल बांधला आणि दुकानासमोर चुन्याने आखलेल्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. मी जाते म्हटलं तर म्हणाल्या, "तू पोरांकडे बघ, मला ओळीत उभं राहायची सवय आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडलीय, ही तर सावलीतली ओळ आहे."

तांदूळ आणला की त्यांचं काम सुरू व्हायचं. आधी बारीक चाळणी, त्यात भुसा नि कणी खाली पडायची. मग सूप. त्या पाखडायला बसल्या की हाताची लय बघत राहावं अशी होती, तीन झटके वर, एक आडवा, आणि खडे सुपाच्या मागच्या कडेला एका ओळीत गोळा व्हायचे. कणी टाकायची नाही, ती वेगळ्या डब्यात, तिचं ताकातलं कण्हेरं करायचं. गहू निवडून, दोन उन्हं देऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत. नुसत्या रेशनच्या गव्हाची पोळी संध्याकाळपर्यंत ताठ होते, म्हणून निम्मा लोकवन मिसळून दळण द्यायच्या. त्या वर्षभरात आमच्या घरात एकही माणूस अर्धपोटी झोपला नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी कुणापुढेही सांगते.

आमच्या मोठ्या जाऊबाई गंगापूर रोडला राहतात. दीर चांगले कमावतात, फ्लॅट आहे, गाडी आहे, आणि ते असायलाच हवं, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण लॉकडाऊन उठल्यावर त्या पहिल्यांदा घरी आल्या, कोठी बघितली आणि मुलांच्या देखत म्हणाल्या, "अगं, हे आपल्यात कुणी खात नाही, हे जनावरांपुढे टाकतात." माझा मोठा मुलगा तेव्हा कळत्या वयाचा होता. त्यानंतर बरेच दिवस तो डबा शाळेत झाकण अर्धं उघडून खायचा. ते मी विसरलेले नाही.

पुढे गौरी-गणपतीला त्या आमच्याकडे राहायला होत्या. मी रात्री इडलीचे तांदूळ भिजत घातले होते. पातेल्यात काही दाणे वर तरंगत होते, इतरांपेक्षा जरा पिवळट, गुळगुळीत. त्यांनी ते बोटाने गोळा केले आणि सगळ्यांना बोलावून दाखवले, "बघा, प्लास्टिकचा तांदूळ देतायत सरकारी दुकानात." घरात पाहुणे. मी काही बोलले नाही. ते दाणे घेतले, निम्मे वाटीभर पाण्यात गॅसवर ठेवले. शिजून मऊ झाले, बोटांत दाबले तर पीठ झालं. उरलेले दोन-चार सांडशीत धरून जाळावर नेले. प्लास्टिक असतं तर वितळून थेंब पडला असता. ते काळे पडून जळले आणि करपलेल्या भाताचा वास आला. जाऊबाई म्हणाल्या, "असेल बाई, पण आम्हाला नाही चालत."

ते दाणे काय असतात ते तुम्हालाही सांगून ठेवते, कारण सासरी हाच मुद्दा निघणार. तांदळाचंच पीठ करून त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळतात, यंत्रातून पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि शंभर किलो तांदळात साधारण एक किलो या हिशोबाने मिसळतात. रंग नि वजन वेगळं म्हणून ते उठून दिसतात, काही तरंगतात. 15 ऑगस्ट 2021 च्या भाषणात हे सगळ्या सरकारी तांदळात करणार असं जाहीर झालं होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, म्हणून हा खटाटोप. आणि आपण तेच दाणे वेचून मोरीत टाकतो! तांदूळ हलक्या हाताने धुवा, चोळू नका, भाताचं पाणी वेळून काढू नका, मोजून पाणी घालून शिजवा.

आता खरी गोष्ट. जाऊबाईंचं कार्डही जुनं, अजून प्राधान्य यादीत आहे. त्या दर महिन्याला अंगठा देऊन धान्य उचलतात आणि सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या माणसाला किलोच्या भावाने विकतात. हे त्यांनीच मला सांगितलं, लपवून नाही, हुशारी म्हणून. विकायला चालतं, खायला चालत नाही. मला हे पटत नाही आणि मी तोंडावर सांगितलंय. तुम्हाला गरज नसेल तर कार्डावरचा हक्क सोडा, तसा अर्ज करता येतो. शहरात प्राधान्य यादीसाठी वर्षाला 59 हजार उत्पन्नाची अट आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. त्या अटीच्या जरा वर असलेली, धुणीभांडी करणारी कितीतरी घरं आमच्या गल्लीत यादीबाहेर बसलीत. जागा अडवून ठेवायची, धान्य विकायचं आणि वर खाणाऱ्याला नावं ठेवायची, याला मी मोठेपणा म्हणत नाही. मिस्टर म्हणतात सोडून दे. मी नाही सोडत.

असो. मेनू.

सात दिवसांचा तक्ता करून फ्रिजवर लावू नका. तक्त्यात सोमवारी फ्लॉवर असतो आणि त्या सोमवारी फ्लॉवर ऐंशी रुपये किलो असतो. नाशिकमध्ये राहून तक्त्याप्रमाणे भाजी घेणं म्हणजे पैसे फेकणं आहे. आपल्याकडे चहूबाजूंनी माल येतो, एका आठवड्यात कोथिंबिरीची जुडी चाळीसला आणि पुढच्या आठवड्यात पाच रुपयांना पडून असते. आधी बाजार बघा, मग काय करायचं ते ठरवा. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जाता आलं तर उत्तम, नाहीतर सिडकोत असाल तर पवननगरला. दिवेलागणीनंतर पालेभाजी निम्म्यात मिळते, फक्त ती त्याच रात्री निवडून ठेवायची. भाजी आठवड्यातून दोनदाच आणि खिशात मोजके पैसे घेऊन.

ठरवायचं असेल तर डाळी-कडधान्याचं ठरवा, ते बाजारावर अवलंबून नसतं. घरात कायम एक कडधान्य फडक्यात बांधलेलं असू द्या. मटकी संपली की मूग, मूग संपले की हुलगे. आमच्याकडे दोन दिवस कडधान्याची उसळ, एक दिवस पिठलं-भाकरी, एक दिवस डुबुकवडे किंवा हुलग्याचे शेंगोळे, त्या दिवशी भाजी लागतच नाही. दोनदा अंडी. रविवारी खिचडी-कढी नाहीतर रेशनच्या तांदळाची इडली. उरलेल्या जेवणांना जी पालेभाजी स्वस्त ती, डाळ घालून, म्हणजे एक जुडी पाच जणांना पुरते. दाण्याचा कूट डब्यात तयार असू द्या, त्याने कुठलीही फळभाजी वाढते. तीन उडीद-एक तांदूळ असलं काही करू नका, इडलीला तीन वाट्या तांदूळ नि एक वाटी उडीदडाळ पुरते, आणि या तांदळाची इडली खरंच हलकी होते.

कांद्याचं वेगळं सांगते, कारण इथे लोक लासलगावच्या शेजारी राहून ऑक्टोबरात महाग कांदा घेतात. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा येतो, तोच टिकतो. तेव्हा वीस-पंचवीस किलो एकदम घ्या, मध्यम आकाराचा, मान सुकलेला, पत्ती चढलेला. गोणीत बांधून कोपऱ्यात ठेवला की सडणारच. जाळीच्या क्रेटमध्ये, सावलीत, वारं लागेल असा पसरून ठेवायचा आणि दर आठवड्याला हात फिरवून नरम झालेला आधी वापरायचा. बटाट्याजवळ ठेवू नका. असा आमच्याकडे दसऱ्यापर्यंत जातो. दिवाळीच्या सुमाराला येणारा लाल कांदा साठवू नका, तो लागेल तसा आणा.

तेल महिन्याचं एकदम आणा, पण एका बरणीत काढून आठवड्याची खूण करा. बिस्किटं, वेफर्स, मसाल्याची पाकिटं बंद. काळा मसाला उन्हाळ्यात एकदा घरी करायचा. मॉलमध्ये "एकावर एक फ्री"ला जाऊ नका, तिथे आपण यादीत नसलेलंच उचलतो. जाऊबाईंच्या घरी अशा फ्री सॉसच्या बाटल्या मी तारीख उलटून गेलेल्या पाहिल्यात.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा रक्ताचा तसा आजार असेल तर लोह घातलेल्या तांदळाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. रक्त खूपच कमी असेल तर नुसत्या तांदळाने भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. माझे भाव आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतील. सगळीकडे धान्य चांगलंच येतं असंही मी म्हणणार नाही. एखाद्या महिन्यात गहू किडका आला तर तो घेऊन घरी येऊन रडू नका, तिथेच पोतं दाखवून बदलून मागा. मशीनची पावती घ्या, तीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले पाहिजेत. दुकानदार ऐकत नसेल तर 1967 वर तक्रार होते, आणि आता कार्ड कुठल्याही रेशन दुकानात चालतं, त्यामुळे दुसरं दुकान धरा.

सासरी वाद घालत बसू नका, तुमचं अजून नवं आहे असं वाटतंय. कार्ड घेऊन या महिन्यात तुम्ही स्वतः जा. तांदूळ पहिल्याच दिवशी भाताला लावू नका, नवीन बारीक तांदळाची सवय असलेल्यांना तो मोकळा नि जाडसर लागतो. आधी इडलीला, आंबोळीला, खिचडीला वापरा. भाताला लावाल तेव्हा अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात शिजवा. आणि वाचलेल्या पैशांची तूरडाळ त्याच दिवशी आणा, नाहीतर ते पैसे कशात गेले ते कळतही नाही.